सजावट घराची, ओझं कुणाचं?

शाबान महिना लागला की परभणीच्या मोहल्ल्यांमध्ये रंगाचा वास येऊ लागतो. रमजानच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख करायचं, भिंतींना एक हात मारायचा, पडदे धुवायचे, ही आपल्या घरांची जुनी रीत. पूर्वी हे काम चुन्याच्या एका गोणीवर आणि घरातल्या बायकामुलांच्या हातांवर निभायचं. आता मोबाईलवर रोज नवं घर दिसतं. छताला पीओपी, भिंतीला वॉलपेपर, कोपऱ्यात मोठा सोफा, टीव्हीमागे चमकणारं युनिट. ते पाहून आपलं घर आपल्यालाच उणं वाटायला लागतं. घर सुंदर असावं ही इच्छा चांगलीच आहे. इस्लामने सौंदर्याला मनाई केलेली नाही. मनाई आहे ती उधळपट्टीला आणि दिखाव्याला. प्रश्न एवढाच, की हातात जेवढा पैसा आहे तेवढ्यात घर सुंदर कसं करायचं आणि तो पैसा नेमका कुठे घालायचा?

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात गेल्या वर्षी हा प्रश्न फार टोकाला गेला. ती मानवतला राहते. मेहुण्यांचं शिलाईचं छोटं दुकान आहे. थोरली मुलगी बी.ए. झाली आणि तिच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका चांगल्या घरातून विचारणा झाली. मंडळी महिनाभराने घरी येणार होती. बहिणीने एका कारागिराला बोलावून बैठकीच्या खोलीचा हिशेब काढला. सव्वा लाख रुपये! खोली दहा बाय बाराची. एवढा पैसा घरात नव्हता, म्हणून आपले दागिने सोनेतारणावर ठेवायचं तिने मनाशी ठरवलं आणि मला फोन केला.

"आपा, लोक आधी घर बघतात, मग मुलगी बघतात," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलीच्या आईला काय काय सोसावं लागतं हे आपण सगळ्याच जाणतो. म्हणून मी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "पाहुणे दोन तास बसतील. हप्ते किती महिने भरायचे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तूच ये, आणि काय करायचं ते सांग."

गजबजलेल्या एसटीत बसून मानवतला जाताना माझ्या डोक्यात एकच इमारत घोळत होती. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा. मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांची सहल तिथे जाते, तशी आमचीही गेली होती. औरंगजेबाची बेगम दिलरस बानो हिची ही कबर 1660 च्या सुमारास बांधून झाली. अता-उल्लाह आणि हंसपत राय या कारागिरांची नावं तिथल्या दरवाजावर कोरलेली आहेत. ताजमहालावर कोट्यवधी रुपये खर्च झाले, तर मकबऱ्याचा खर्च एका जुन्या नोंदीप्रमाणे 6,68,203 रुपये आणि 7 आणे. लोक त्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हसतात.

पण जरा नीट पाहिलं तर त्या कारागिरांची अक्कल लक्षात येते. पैसा कमी होता, म्हणून त्यांनी सगळीकडे थोडाथोडा संगमरवर चिकटवला नाही. माणसाच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत, म्हणजे जिथे हात लागतो, अंग घासतं, तिथे संगमरवर लावला. दुरून नजर जिथे आधी जाते त्या घुमटाला संगमरवर लावला. मधला सगळा भाग आपल्याच काळ्या दगडात बांधून त्यावर चुन्याचा गिलावा केला, तो घोटून गुळगुळीत केला आणि त्यावर वेलबुट्टी काढली. साडेतीनशे वर्षं झाली, लोक अजून तिकीट काढून ती वेलबुट्टी पाहतात.

बहिणीच्या दारात पोचले तेव्हा माझ्यापाशी सांगायला हेच होतं. जिथे रोज हात लागतो आणि जिथे पहिली नजर पडते, तिथे पैसा घालू. बाकी ठिकाणी चुना आणि मेहनत.

आम्ही सुरुवात केली ती कुणालाच न दिसणाऱ्या जागेपासून, छतापासून. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 च्या वर जातो. स्लॅबचं घर तव्यासारखं तापतं. तापलेल्या खोलीत कितीही सुंदर सोफा ठेवा, माणूस बसत नाही. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा आणि भिंती हातभर रुंद असायच्या, त्यामुळे आत गारवा राहायचा. स्लॅबला तो थर नाही, पण पांढरा रंग देता येतो. तेलंगण सरकारने 2023 मध्ये थंड छतांचं धोरण आणलं, त्यामागेही हीच साधी गोष्ट आहे. पांढरं छत ऊन परत फेकतं. आम्ही चुना रात्रभर भिजवला, सकाळी गाळला, छताला धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक घातला आणि ऊन चढायच्या आत दोन हात दिले. चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, म्हणून लहान मुलांना वर येऊ दिलं नाही.

मग भिंती. आपली जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्याबरोबर घराच्या भिंतीही तडकतात. मानवत काय, सेलू काय, पाथरी काय, ज्या घरांचा पाया खोल नाही त्या घरांत हे दुखणं आहेच. अशा भिंतीवर महागडा वॉलपेपर लावला तर भेग रुंदावली की तो फाटतो. त्यापेक्षा भेगा नीट भरून साधा डिस्टेंपर दिलेला बरा. पुढच्या वर्षी भेग पुन्हा पडली तरी शंभर-दोनशे रुपयांत दुरुस्ती होते. तीन भिंती आम्ही मलईसारख्या फिक्या ठेवल्या. दारातून आत येताच समोर दिसते ती भिंत तेवढी गडद हिरवी केली. घुमटाचा संगमरवर म्हणजे आमच्यासाठी ही भिंत. तिच्यावर एकच चौकट लावली. भाचीने स्वतः बोरूने लिहिलेली 'बिस्मिल्लाह'. आधी भिंतीवर पाच-सहा चमकत्या फ्रेमा होत्या, त्यातल्या दोन धुळीने माखलेल्या. अल्लाहचं नाव लिहिलेली चौकट लावायची तर ती उंचावर हवी, स्वच्छ हवी. नुसती भिंत भरायला नको.

खाली शहाबादी फरशी होती. बहिणीला ती काढून टाइल्स बसवायच्या होत्या. मी म्हटलं, मकबऱ्याच्या कारागिरांना दगड कमी पडत होता आणि तुझ्या घरात तो पायाखाली पडून आहे. फरशीला पॉलिश करून घेतलं आणि निळसर-करड्या रंगाची अशी सुरेख जमीन निघाली की शेजारणी पाहायला आल्या. एक सांगून ठेवते, ही फरशी चुनखडीच्या दगडाची असते. तिच्यावर संडास साफ करायचं अॅसिड, व्हिनेगर किंवा लिंबू कधी वापरू नका. तिची चकाकी मरते.

सोफ्याचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. सव्वा लाखातले चाळीस हजार एकट्या सोफ्याचे होते. पण आपला परभणी जिल्हा कापसाचा. घरात जुन्या, दबलेल्या चार गाद्या पडून होत्या. पिंजाऱ्याकडून त्यातला कापूस पुन्हा पिंजून घेतला आणि दोन लांब गाद्या, सहा लोड आणि चार तक्के तयार झाले. खोळी मेहुण्यांनी दुकानात शिवल्या. हात लागतो तिथे पैसा, या हिशेबाने खोळींचं कापड मात्र चांगलं जाड सुती घेतलं. वयस्कर माणसांना खाली बसवत नाही, म्हणून दोन लाकडी खुर्च्या घासून, पॉलिश करून ठेवल्या. फर्शी बैठक ही आपल्या घरांची शान होती, ती आपणच गरिबीची खूण समजायला लागलो आहोत.

खिडकी गल्लीवर उघडते. आतलं बाहेर दिसू नये म्हणून बहिणीने जाड पडदा लावला होता आणि खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागायचा. आम्ही खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा केला आणि वरचा अर्धा मोकळा सोडला. पडदाही राहिला, उजेडही आला. खिडकीसमोरच्या भिंतीवर जुना आरसा लावला, तर उजेड दुप्पट वाटू लागला. नमाजचा कोपरा मात्र अगदी साधा ठेवला, समोर आरसा नाही, नक्षी नाही, म्हणजे लक्ष विचलित होत नाही. जुन्या ताकात कुरआनसाठी रेहल ठेवली. भिंत फोडून नवं शेल्फ करायची गरज पडली नाही.

पडद्यावरून हजरत आयेशा (रजि.) यांची आठवण होते. त्यांच्या घरी चित्रं असलेला एक पडदा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांना तो आवडला नाही, तेव्हा त्यांनी तो कापून त्याच्या उशा केल्या. ही हदीस आपण चित्रांच्या संदर्भात ऐकतो. मला तिच्यात एक घर चालवणारी बाईही दिसते, जी कापड वाया जाऊ देत नाही. आमच्या नानींच्या हातची एक वाकळ होती, जुन्या लुगड्यांच्या आणि कुर्त्यांच्या तुकड्यांची. ती पेटीत तळाला होती. आम्ही ती धुऊन खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर टांगली. पैसे शून्य.

मग थोडी हौस. परभणीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. सगळ्या धर्मांची माणसं येतात आणि बाजार मोठा लागतो. चिनीमातीच्या बरण्या, दिवे, गालिचे, टोपल्या, हवं ते मिळतं. आम्ही तिथून एक सुती गालिचा आणि दोन चिनीमातीच्या बरण्या आणल्या, बरण्यांमध्ये मनीप्लांट लावला. ज्यांना थोडा जास्त खर्च परवडतो त्यांनी परदेशी वस्तूंच्या नकला घेण्यापेक्षा आपल्या दख्खनचं काही घ्यावं. सूत आणि रेशीम मिळून विणलेलं औरंगाबादी हिमरू तक्क्याच्या खोळीला फार शोभतं. बिदरची काळी सुरई, जिच्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि किल्ल्यातली माती वापरून जिचा रंग काळा करतात, ती एकटीसुद्धा खोली उजळते. आणि अगदी कमी पैशांत सोलापुरी चादर आहेच.

सगळा खर्च झाला अकरा हजार आणि काही रुपये. दागिने पेटीतच राहिले.

पाहुणे आले. चहा झाला, जेवण झालं, दस्तरखान बहिणीने मनापासून मांडला होता. मंडळी हसतमुखाने गेली. पंधरा दिवसांनी निरोप आला की त्यांना 'थोडं मोठं घर' हवं आहे. बहीण रात्रभर रडली. मला म्हणाली, "आपा, सव्वा लाख घातले असते तर?"

मी काही बोलायच्या आत भाचीच म्हणाली, "अम्मी, तरी खोली दहा बाय बाराचीच राहिली असती."

मेहुण्यांना त्या दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आज त्या खोलीत संध्याकाळी मोहल्ल्यातली दहा-बारा मुलं शिकवणीला येतात. गाद्यांवर ओळीने बसतात. सोफा असता तर चार बसली असती. भाचीने बी.एड.ला प्रवेश घेतला. फीसाठी बहिणीने आपलं एक कडं विकलं, पण ते तिने स्वतःहून आणि आनंदाने विकलं. रिश्ता कुठे जुळायचा तो जुळेलच, इन्शाअल्लाह. कर्ज मात्र कुणाच्या डोक्यावर नाही.

भगिनींनो, येत्या शाबानमध्ये रंगाचा डबा आणण्याआधी एक दिवस नुसतं घरात फिरा. दुपारी कुठली खोली तापते, अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वहीवर उजेड पडतो का, सासूबाई उठताना कुठल्या भिंतीचा आधार घेतात, हे बघा. आधी त्या जागा नीट करा. मग दारातून पहिली नजर पडते ती एक भिंत, एक कोपरा मनासारखा सजवा. उरलेल्या कामाला चुना, साबण आणि घरातल्या सगळ्यांचे हात पुरेसे आहेत, आणि त्यात मुलगेही आले. दागिने गहाण ठेवून होणारी सजावट पाहुण्यांसाठी असते. घर त्यात रोज राहणाऱ्यांचं असतं.