आकिहाबाराचा जुना बाजार

टोकियोस जाणारा प्रवासी सामान्यतः देवालयें, राजवाड्याचा खंदक आणि चेरीचीं झाडें पाहून परत येतो. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांच्या घरीं मुलें आहेत, अथवा जे स्वतः पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं लहान होते, त्यांनीं आकिहाबारा येथें अर्धा दिवस अवश्य काढावा. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचा एवढा मोठा बाजार मीं तरी अन्यत्र पाहिला नाहीं.

माझा पुतण्या व सूनबाई निशि-कासाई येथें राहतात. ह्या वस्तींत आपल्या देशाचे लोक इतके आहेत कीं तूरडाळ व हिंग यांवांचून कोणाचें अडत नाहीं. तेथून तोझाई मार्गाच्या गाडीनें कायाबाचो, व तेथें गाडी बदलून हिबिया मार्गानें आकिहाबारा, असा सोपा प्रवास आहे. ह्या जागेचें नांव एका आगीशीं जोडलेलें आहे. १८६९ सालीं येथें मोठी आग लागली, तेव्हां तो प्रसंग पुन्हां येऊं नये म्हणून मोकळ्या जागेंत एक देऊळ उभारण्यांत आलें. लोकांनीं तें अग्निभयापासून रक्षण करणाऱ्या आकिबा देवाचें मानलें. पुढें १८९० सालीं मालगाड्यांसाठीं स्थानक झालें त्यासही तेंच नांव मिळालें. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांचे ठेले येथें रस्त्यावर मांडले जात. १९४९ सालीं रस्त्यावरील ठेले हटविण्याचा हुकूम सुटला, आणि ते व्यापारी रेल्वेच्या पुलाखालीं चिंचोळ्या गाळ्यांत गेले. रेडिओमागून घरगुती विजेचीं यंत्रें, त्यांमागून संगणक, आणि संगणकामागून खेळ आले. आपल्याकडील बोहारणीप्रमाणें येथील व्यापाऱ्यासही जुन्या वस्तूंत कोणता अंश अद्याप जिवंत आहे हें नजरेनेंच कळतें.

आतां ज्या यंत्रासाठीं मी गेलों होतों त्याविषयीं. निन्तेन्दो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिकॉम' नांवाचें तांबडें-पांढरें यंत्र १४,८०० येनांस विकावयास काढलें. तें यंत्र त्या नांवानें आपल्या घरोघरीं पोंचलें नाहीं. परंतु १९९० नंतरच्या दहा वर्षांत त्याच्या तैवानी व चिनी नकला आपल्या शहरांत सर्वत्र आल्या, आणि 'व्हिडिओ गेम' म्हणजे तेंच, असें समीकरण झालें. एका कॅसेटींत हजारों खेळ असल्याचें वेष्टनावर छापलेलें असे, आणि आंत तेच दहा-वीस खेळ निरनिराळ्या नांवांनीं फिरत असत. गंमत ही कीं, ह्या नकलांनीं फॅमिकॉमची खांचही जशीच्या तशी उचलली. जपानी कॅसेटीस ६० पितळी दांत असतात, अमेरिकन कॅसेटीस ७२. म्हणून आपल्या माळ्यावर पडलेल्या नकली यंत्रांत अस्सल जपानी कॅसेट बसते, अमेरिकन बसत नाहीं. पुण्यास आमचें जुनें यंत्र चालू स्थितींत असल्यामुळें मला यंत्र घ्यावयाचें नव्हतें; फक्त कॅसेटी. हें बरेंच झालें, कारण जपानांत घरची वीज १०० व्होल्टची व आपली २३० ची. तेथील यंत्राचें अ‍ॅडॅप्टर येथें तसेंच लावलें तर जळून जातें.

आमच्या घरीं गणपतींत चारही भावांचीं मिळून अकरा मुलें एकत्र येतात. अलीकडे तीं अकरा मुलें एका खोलींत बसून अकरा निरनिराळ्या पडद्यांकडे पाहत असतात. म्हणून भावांनीं वर्गणी काढून सहा हजार येन मजजवळ दिले होते. एक येन म्हणजे अर्ध्या रुपयाहून कांहींसा अधिक. तेव्हां रक्कम फार मोठी नव्हती, आणि ती चौघांची असल्यामुळें हिशेबानें खर्चणें भाग होतें.

'सुपर पोटॅटो' नांवाचें एक प्रसिद्ध दुकान आहे. तिसऱ्या मजल्यापासून वर चढत जावें लागतें, आणि सगळ्यांत वर जुन्या काळचीं नाणें टाकून खेळावयाचीं यंत्रें मांडलेलीं आहेत. भिंतींवर छतापर्यंत कॅसेटी. तांबड्या, पिवळ्या, निळ्या, जणूं बांगड्यांचें दुकान. आंत शिरतांच पुतण्या एका कांचेच्या कपाटापुढें उभा राहिला. त्यांत एकेका कॅसेटीची किंमत आमच्या सबंध वर्गणीच्या कित्येक पट होती. तो म्हणाला, "काका, घ्यायची तर अशी एखादी घ्या. वर्गणींत मी भर घालतों. दहा वर्षांनीं दुप्पट किंमत येईल."

मला हें पटलें नाहीं. जुनी कॅसेट महाग होते ती दुर्मिळ असते म्हणून. आणि ती दुर्मिळ कां, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. पुष्कळदां ती नवी असतांना फारशी खपलीच नव्हती. किंवा १९९० च्या नोव्हेंबरांत 'सुपर फॅमिकॉम' निघाल्यावर, मुलांचें लक्ष तिकडे गेलेलें असतांना, ती बाजारांत आली. कपाटांतील कॅसेटी वाईट असतात असें नव्हे. पण ती किंमत संग्राहकाच्या हौसेची, मुलांच्या आनंदाची नव्हे. उलट 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा खेळ जगभर चार कोटींवर खपला. तो स्वस्त मिळतो याचें कारण तो कोट्यवधि मुलांस आवडला, एवढेंच.

मात्र स्वस्त तें सारें घेण्याजोगें, असेंही नाहीं. कोंपऱ्यांतील टोपल्यांत सर्वांत स्वस्त कॅसेटी होत्या त्या बहुतेक माजाँग नांवाच्या सोंगट्यांच्या खेळाच्या, अथवा जुन्या बेसबॉल संघांच्या. पहिला खेळ आमच्या मुलांस येत नाहीं, आणि दुसऱ्यांतील खेळाडू केव्हांच निवृत्त झाले. १९८८ सालचा 'ड्रॅगन क्वेस्ट' चा तिसरा भाग जपानांत फार गाजला व लाखोंनीं खपला, म्हणून तोही स्वस्तच. परंतु त्यांतील कथा सगळी जपानी अक्षरांत. शिवाय अशा लांबलचक खेळांत कालचा डाव कोठवर आला होता तें लक्षांत ठेवण्यास कॅसेटीच्या पोटांत एक लहान बॅटरी डाखलेली असते. पस्तीस वर्षांनीं ती थकलेली असणारच, व ती बदलण्यास कॅसेट उघडून डाख द्यावा लागतो. शर्यतीच्या खेळांत बॅटरी संपली तर जुने विक्रम तेवढे पुसले जातात, खेळ चालतो. कथेच्या खेळांत मात्र रोज श्रीगणेशा. तेव्हां विकत घेण्यापूर्वीं आंत बॅटरी आहे काय, हा प्रश्न मीं प्रथम ठेवला.

बंदुकीच्या खेळाबद्दल मुलांच्या वडिलांचा फार आग्रह होता. बदकें उडत आहेत, पडद्यावर बंदूक रोखून तीं पाडावयाचीं, तो १९८४ सालचा 'डक हंट' कोणास आठवत नाहीं? पण ती बंदूक जुन्या नळीच्या टी.व्ही.च्या प्रकाशाची ठराविक वेळ ओळखून चालते. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित् उशिरां उमटतें व बंदूक आंधळी होते. आमचा जुना टी.व्ही. भंगारांत गेला आहे. ज्यांचा शिल्लक असेल त्यांनीं हा खेळ खुशाल घ्यावा.

राहिली मुख्य कसोटी. कॅसेटींत एकाच वेळीं दोघे खेळतात, कीं एकजण खेळतो व दुसरा आपली पाळी येईपर्यंत कुरकुरतो? मघांच्या 'सुपर मारिओ' मध्यें पाळ्या असतात, आणि एखादा तरबेज मुलगा यंत्रापुढें बसला कीं बाकीच्यांस अर्धा तास प्रेक्षक व्हावें लागतें. त्यापेक्षां त्याचाच १९८३ सालचा मोठा भाऊ, नुसता 'मारिओ ब्रदर्स', घरास अधिक उपयोगी. त्यांत दोघे एकदमच धांवतात, आणि मदत करतां करतां एकमेकांस पाडतातही. 'आइस क्लायंबर' व 'बलून फाइट' हे १९८५ सालचे खेळ त्याच जातीचे. डाव दोन-चार मिनिटांत संपतो व कंट्रोलर पुढच्याच्या हातीं जातो. १९९० सालचा 'डॉक्टर मारिओ' घरांतील स्त्रियांसाठीं म्हणून मीं मुद्दाम घेतला, कारण रंग जुळविण्याच्या त्या खेळांत वाचावयाचें कांहींच नाहीं, आणि आमच्या वहिनींच्या वेगापुढें मुलांचा निभाव लागेल असें मला वाटत नाहीं. चौघांनीं एकदम खेळावयाचें तर १९९३ सालच्या 'सुपर बाँबरमॅन' ला तोड नाहीं. परंतु त्यास सुपर फॅमिकॉम व जास्त कंट्रोलर जोडण्याचा एक जोड लागतो. तो सूनबाईंनीं शेजारच्या मुलांच्या मागणीवरून आपल्या घरापुरता घेतला.

किंमतीच्या चिठ्ठ्यांवर दोन शब्द वारंवार दिसतात. 'हाकोसेत्सु' म्हणजे खोका व माहितीपुस्तकासह. 'हादाका' म्हणजे उघडी, नुसती कॅसेट. किंमतींत मोठें अंतर पडतें, खेळांत मुळींच नाहीं. तिसरा शब्द 'जंकु': चालेल कीं नाहीं याची दुकानदार हमी देत नाहीं, व परतही घेत नाहीं. पर्यटकांची गर्दी वाढल्यापासून आकिहाबारांत भाव चढे आहेत, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशीं उपनगरांतील 'हार्ड ऑफ' च्या एका शाखेंत ह्या जंकुच्या टोपल्या धुंडाळल्या. तेथें नजरेचें काम. पितळी दांत नुसते काळवंडले असतील तर कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजवून पुसतां येतात. हिरवी पूड धरली असेल तर कॅसेट खालीं ठेवावी. आपण सर्वजण लहानपणीं कॅसेटींत जोरानें फुंकर मारीत असूं. त्या फुंकरीबरोबर जाणारी ओल ह्या दांतांस अपायकारकच असते. कॅसेट काढून पुन्हां बसविल्यानेंच काम होत असे, श्रेय मात्र फुंकरीला.

'बलून फाइट' ची कॅसेट अशाच टोपलींत मिळाली. तिच्या पाठीवर जाड काळ्या शाईनें बालबोध अक्षरांत कांहीं लिहिलें होतें. सूनबाईंनीं वाचून सांगितलें: एका मुलाचें नांव, आणि खालीं 'तिसरी इयत्ता, दुसरा वर्ग'. लिखाणामुळें ती निम्म्या किंमतींत होती. पुतण्या म्हणाला, "पुसून देतों." सूनबाई म्हणाल्या, "राहूं द्या, खेळून खेळून चांगली चालती ठेवलेली दिसते." मीं ती तशीच घेतली.

चार कॅसेटींस मिळून ३,२०० येन पडले. उरलेले दोन हजार आठशें परत आणून हिशेबास लावले. मात्र पावत्या जपानींत असल्यामुळें वडील बंधूंना त्या एकेक करून वाचून दाखवाव्या लागल्या, आणि तेवढें जपानी मला कोठून येणार म्हणून निशि-कासाईस फोन करावा लागला.