एका दमातला खेळ

रॉक बँड म्हटला की जगावर रुसलेली, केस पिंजारलेली पोरं आठवतात. ‘ओके गो’ हा अमेरिकन बँड जगावर कधी रुसलाच नाही. डेमियन कुलाश आणि टिम नॉर्डविंड शाळकरी वयात मिशिगनमधल्या एका कलाशिबिरात भेटले. १९९८मध्ये शिकागोत बँड निघाला. तेव्हापासून ही मंडळी खेळतच आहेत, पण परीक्षेला बसावं इतक्या गांभीर्याने. मला ती आवडतात ती यासाठीच.

२००६ साली त्यांनी कुलाशची बहीण ट्रिश सी हिच्या घरी आठ ट्रेडमिल मांडले, समोर एकच कॅमेरा रोवला आणि ‘हिअर इट गोज अगेन’ हे गाणं एका दमात नाचून काढलं. भपका नाही, काटछाट नाही. बँडमधले चौघे पट्ट्यांवरून घसरतात, उड्या मारतात, एकमेकांना चुकवतात आणि चेहऱ्यावर रेष हलू देत नाहीत. यूट्यूब तेव्हा बाल्यावस्थेत होतं. हा व्हिडिओ घरोघर पोचला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळाला.

त्यातली गंमत नाटकवेड्या मराठी माणसाला चटकन कळावी. पडदा वर गेला की माघार नाही. पाय चुकला तरी पुढचा पाय टाकायचाच. आपण ट्रेडमिलवरची कसरत पाहतो, पण मन गुंततं ते दिसत नसलेल्या तालमींत. इतकी माणसं इतके दिवस एका निरुपयोगी गोष्टीसाठी घाम गाळत होती, या जाणिवेनेच हसू फुटतं.

‘धिस टू शॅल पास’ (२०१०) या गाण्यात हे आणखी खुलतं. लॉस एंजेलिसच्या एका गोदामात अभियंत्यांच्या चमूबरोबर त्यांनी एक अजस्र यंत्र उभारलं. डॉमिनोची एक सोंगटी पडते, तिच्यामुळे गोळा घरंगळतो, पुढे काय काय उलटतं, फुटतं आणि शेवटी रंगाच्या तोफा चौघांनाच न्हाऊ घालतात. गाण्याचा उपदेश असा, की मनाला लावून घेऊ नका, हेही सरेल. चित्रात मात्र एक सोंगटी इकडची तिकडे झाली तर सगळं मुसळ केरात! सोडून द्या म्हणणारं गाणं आणि काहीही न सोडणारं यंत्र, या ताणातच त्याची खरी मजा आहे.

२०१६मध्ये तर त्यांनी काळाशीच खेळ मांडला. ‘अपसाइड डाउन अँड इनसाइड आउट’साठी रशियात विमानाला गोते घ्यायला लावून ते अधांतरी तरंगले. वजनरहित अवस्था एका वेळी अर्ध्या मिनिटाहूनही कमी टिकायची, म्हणून नाचाचे तुकडे त्या मापाने बेतले. ‘द वन मोमेंट’मध्ये सुमारे ४.२ सेकंदांत उडालेले रंग आणि फुटलेले फुगे गती मंदावून गाणंभर लांबवले. क्षण निसटतो, हे सगळेच कवी सांगतात. यांनी क्षणाची लांबी मोजून तो वापरला.

या कौतुकात एक अन्याय मात्र होतो. गाणी मागे राहतात. ‘ऑफ द ब्लू कलर ऑफ द स्काय’ (२०१०) हा अल्बम घ्या. त्याचं नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका विक्षिप्त पुस्तकावरून आलंय. निळ्या काचेतून आलेल्या उजेडात द्राक्षं आणि डुकरं जोमाने वाढतात, असं त्याच्या लेखकाचं म्हणणं होतं. अल्बममध्येही तसाच हट्टी आशावाद आहे: दणकट ड्रम, धूसर गिटार आणि त्यावर गायक प्रिन्सची आठवण करून देणारा कुलाशचा उंच, पातळ आवाज. यातली उदासी व्हिडिओच्या झगमगाटात ऐकूच येत नाही.

त्याच वर्षी, व्हिडिओ इतरांच्या संकेतस्थळांवर लावण्यावर ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने घातलेल्या बंदीविरुद्ध कुलाशने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला आणि काही आठवड्यांत ईएमआयपासून वेगळं होऊन बँडने स्वतःची कंपनी काढली. खेळायचं तर अंगणही आपलंच हवं, हे त्यांना वेळेवर कळलं.

तेव्हा व्हिडिओ जरूर पाहा, पोटभर हसा. पण मग तेच गाणं एकदा पडदा बंद करून ऐका. यंत्र, विमान, ट्रेडमिल सगळं वजा केल्यावरही गाणं उरतं, आणि चांगलं उरतं.