वडिलांचा दस्ता

विद्यानगरच्या आमच्या घरी गेले काही महिने एकच वाद चालू आहे. भाचीच्या रायफलीस तिच्या वडिलांचा अक्रोडाचा दस्ता ठेवावा, की ॲल्युमिनियमचा सांगाडा घ्यावा? मोटारीच्या सांगाड्यास चॅसी म्हणतात. नेमबाजांनी तेच नाव यासही दिले आहे.

मेहुणे आता हयात नाहीत. २०१२ साली हैदराबादच्या गगन नारंग यांनी लंडन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्यांनी सबंध गल्लीत पेढे वाटले होते. रायफलीचा परवाना रीतसर मुलीच्या नावे झाला. परंतु वर्षानुवर्षे गाल टेकून दस्त्यावर जेथे तुकतुकी आली आहे, ती जागा अद्याप त्यांचीच आहे. तो दस्ता उतरवण्याची कल्पना ताईस सोसवत नाही. तिला हट्टी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तथापि लाकडाचा स्वभाव विचारात घ्यावाच लागतो. नळी आणि तिच्यामागील बोल्टाचा भाग दस्त्यात स्क्रूंनी आवळलेला असतो. लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, वैशाखात आटते. ज्यांच्या देवघराचे दार आषाढात अडते, त्यांस हे निराळे सांगावयास नको. स्क्रूंखालचा दाब बदलला की गोळी आपली जागा सोडते. आणि ५० मीटरच्या निशाणावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढे! इशापूरच्या कारखान्यात एन्फील्ड रायफलीच्या पुढील लाकडात आडवा स्क्रू घालीत, तोही लाकूड फाकू नये म्हणूनच.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. खोबणीत इपॉक्सीचा थर दिला आणि स्क्रूंभोवती धातूच्या नळ्या बसवल्या, म्हणजे जुना दस्ताही इमानाने वागतो. खर्चही सांगाड्याच्या मानाने थोडा. प्रश्न एवढाच असता तर मी ताईच्या बाजूने उभा राहिलो असतो.

खरी अडचण मापाची आहे. मेहुणे उंचेपुरे, लांब मानेचे. मुलगी आईच्या चणीची. दुर्बिणीविना नेम धरताना तिला मान ताणावी लागते आणि तासाभरात खांदा भरून येतो. त्यातून तिची स्पर्धा तीन स्थितींची: गुडघ्यावर, पालथे आणि उभे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवले, ते याच प्रकारात. प्रत्येक स्थितीत गालाची उंची व खांद्यापर्यंतचे अंतर निराळे लागते. सांगाड्यात ते चाव्या फिरवून साधते, खुणांवरून पुन्हा तंतोतंत जुळवताही येते. आमच्या दस्त्यात हलणारे असे काहीच नाही. तो तासावा लागेल. तासून एक स्थिती साधेल, उरलेल्या दोन बिघडतील. शिवाय तासणीचा पहिला घाव पडणार तो गालाच्या त्या तुकतुकीवरच.

हे ताईस सांगितले तेव्हा ती बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवीत राहिली. मग तिने विचारले, “सांगाडा बसवला तर याला धक्का लागणार नाही ना?” मी म्हटले, “स्क्रू काढले की अख्खा निघतो. पुन्हा हवा तेव्हा बसवताही येईल.”

सांगाड्याची मागणी मागच्या आठवड्यात नोंदवली. ताईने माझ्याकडून जवसाचे तेल मागवून घेतले आहे.