उपनगर

बदलीमुळे चंदीगडला आलेल्या एका मराठी कुटुंबातील आजींनी रविवारी विचारले, “इथलं उपनगर कोणतं?” गिरगाव सोडून पार्ल्यात स्थिरावलेल्या पिढीला उपनगरावाचून शहर अपुरेच वाटते. ल कॉर्ब्युझिएच्या या नगराभोवतीचा पट्टा मोकळा राहावा म्हणून १९५२ मध्ये कायदा झाला. तरी पंचकुला आणि मोहाली उभी राहिलीच, आणि तीही सरकारी योजनेनेच! सेक्टर १७ च्या स्थानकावरून बसने मंडळी पिंजोरची मोगल बाग पाहून आली. नातू वाहकाशी सफाईने पंजाबीत बोलला. आजींशी बोलताना मात्र शब्द चाचपडत राहिला. संध्याकाळी सतराच्या फरसबंद चौकात तो म्हणाला, “आजी, आता घरी जाऊ या.”

“मे महिन्यात जायचंच आहे,” आजी उत्तरल्या.