दातावरचा खडा

मेसच्या भातात दाताखाली खडा येतो, हे होस्टेलवर कुणाला सांगायला नको. पण दातावर खडा? गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आदल्या रात्री माझ्या रूममेटला तो हवा होता. कुठल्याशा गायिकेच्या दातावर तिने पाहिला होता म्हणे. ड्रेसवरचा एक खडा काढला, माझ्या ड्रॉवरमध्ये चपलेसाठी आणलेला इन्स्टंट ग्लू होता आणि हात स्थिर म्हणून काम माझ्याकडे आलं. (तिच्या ड्रॉईंगच्या शीट्सही मीच काढते. सरांनी हे वाचू नये!)

समोरचा दात पुसला, एक थेंब लावला. "गरम लागतंय गं!" ती ओरडली. लागणारच. तो ग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो आणि घट्ट होताना उष्णता सोडतो. पॉलिमरायझेशन! फर्स्ट इयरला याच प्रश्नात मला पैकीच्या पैकी मार्क होते. तोंडाइतकी ओली जागा दुसरी कुठली, हे मात्र सुचलं नाही.

सकाळी हिरडीवर पांढरा चट्टा आणि ओठ सुजलेला. बिचारी तोंड मिटून नाचली.

डेंटिस्ट मॅडम आधी रागावल्या, मग समजावत बसल्या. मला वाटत होतं, दातावर खडा लावणंच वाईट. तसं नाही. त्या आधी कीड आणि हिरड्या तपासतात. मग फॉस्फोरिक अ‍ॅसिडची जेल जेमतेम अर्धा मिनिट लावून दात धुतात, कोरडा करतात. इनॅमलवर न दिसणारे खाचखळगे पडतात, त्यात रेझिन घट्ट बसतं आणि निळ्या प्रकाशाने कडक होतं. ब्रेसेसचे ब्रॅकेट असेच चिकटवतात. भोक वगैरे पाडत नाहीत. माझ्या पणजीच्या दातात सोन्याचा ठिपका होता, मरताना तोंडात सोनं असावं म्हणून. त्यासाठी मात्र दात कोरला होता.

लावल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. खड्याच्या कडेला अन्न साचतं आणि तिथूनच कीड लागते, म्हणून मऊ ब्रशने कडेकडेने घासायचं. त्या दाताने चिक्की, ऊस फोडायचा नाही. सैल झाला तरी पिनेने, नखाने उपटायचा नाही, सरळ डेंटिस्टकडे जायचं. ओढताना इनॅमलचा कपचा निघू शकतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. मोडलेलं हाड जुळतं, इनॅमल नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरतच नाहीत. हे ऐकताना मी रूममेटकडे बघितलंच नाही.

मॅडमनी ग्लू खरवडला, पॉलिश केलं. हिरडी आठवड्याभरात बरी झाली. दातावर एक खरबरीत ठिपका राहिलाय, तिथे कूलरचं पाणी झोंबतं. आमच्या खोलीत आता माठ आहे, तो मी भरते.

यंदाच्या गॅदरिंगला तिला पुन्हा खडा हवाय! मॅडमकडून, शेजारच्या दातावर. खर्च मी करीन म्हटलं, तर म्हणाली, "पैसे दे. पण हात खिशात ठेव."