गेलेले परत मिळवण्याचा नाद

पुणे

ती. सौ. वहिनीस,


जुगाराचे व्यसन हा मनोविकार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1980 साली त्याला आपल्या निदानपुस्तिकेत प्रथम जागा दिली, ती आवेग न आवरण्याच्या विकारांत, म्हणजे चोरीची किंवा आग लावण्याची अनावर ओढ यांच्या शेजारी. 2013 च्या आवृत्तीत तो तिथून काढून दारू, तंबाखू आणि अफू यांच्या प्रकरणात ठेवला गेला. कोणताही पदार्थ पोटात न जाता जडणारे व्यसन म्हणून त्या प्रकरणात स्थान मिळालेला तो एकटाच. जागतिक आरोग्य संघटनेचे नवे रोगवर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, त्यातही तो व्यसनांतच आहे. घरच्यांसाठी या बदलाला मोठा अर्थ आहे. दारू हा आजार आहे, दारुड्याला शिव्या देऊन किंवा देवापुढे उभे करून ती सुटत नाही, हे महाराष्ट्रात आता बऱ्याच घरांना पटले आहे. 1986 साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे. जुगाराच्या बाबतीत मात्र ही समज अजून आलेली नाही. तिथे आजही ‘अक्कल गहाण टाकली’ एवढ्यावरच विषय संपतो, आणि उपचाराची वेळ निघून जाते.

निदानासाठी नऊ लक्षणे पाहतात. पूर्वीइतकीच मजा यायला रक्कम वाढवत न्यावी लागते. खेळणे थांबवले की चिडचिड होते, चैन पडत नाही. सोडण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात. डोक्यात दिवसभर तोच हिशेब चालतो. मन उदास किंवा बेचैन झाले की पाय तिकडेच वळतात. हरलेले पैसे भरून काढायला माणूस पुन्हा जातो. किती खेळलो, किती गेले, याबद्दल खोटे बोलतो. नोकरी, शिक्षण किंवा जवळची नाती धोक्यात येतात. आणि शेवटी पैशाच्या नडीला दुसऱ्यांपुढे हात पसरावे लागतात. बारा महिन्यांत यांतली चार दिसली तर निदान पक्के धरतात. उन्मादाच्या झटक्यात माणूस भरमसाट खेळत असेल तर तो वेगळा आजार, त्याचा उपचारही वेगळा. पहिल्या चाचपणीसाठी 1997 साली फक्त दोन प्रश्नांची कसोटी मांडली गेली: दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावीशी वाटली का, आणि जवळच्या माणसांशी त्याबद्दल खोटे बोलावे लागले का. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढची तपासणी करून घ्यावी.

किती पैसे गेले, हे या यादीत कुठेच नाही. दोन हजार हरलेला आजारी असू शकतो आणि दोन लाख हरलेला नसूही शकतो. या नऊ लक्षणांत सगळ्यांत बोलके आहे ते गेलेले परत मिळवायला जाणे. साधा हौशी माणूस दिवाळीत तीन पत्ती खेळतो, पाचशे घालवतो आणि हळहळत झोपतो. आजारी माणसाला ते पाचशे खर्च झाले असे वाटतच नाही. ते कुठेतरी अडकून पडले आहेत आणि सोडवून आणणे हे आपले कर्तव्यच आहे, असे त्याला वाटते. म्हणून त्याच्या तोंडी ‘एकदा सगळे भरून काढतो आणि सोडतो’ हे वाक्य येते, आणि तो ते मनापासून म्हणत असतो.

हा हिशेब कसा बुडवतो, ते मटक्यावरून स्पष्ट दिसते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत लागणाऱ्या सट्ट्यातून 1960 च्या दशकात मटका उभा राहिला. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्यातली ठळक नावे. एकेरी आकडा लावला तर दहांतला एक लागणार, आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये मिळणार. म्हणजे लावलेल्या दर शंभरातले दहा रुपये सरासरीने खेळवणाऱ्याकडेच राहतात. आता हरलेला माणूस रक्कम दुप्पट करत जातो: 100, मग 200, 400, 800, 1600, 3200. सहाव्या आकड्यापर्यंत 6300 रुपये गेलेले असतात. सलग सहा वेळा आकडा न लागणे हे काही जगावेगळे दुर्दैव नाही. त्याची शक्यता शंभरात त्रेपन्न आहे. ‘इतक्या वेळा हुकला, आता लागणारच’ ही समजूत तर निव्वळ खोटी, कारण आदल्या दिवशी काय फुटले हे आकड्याला ठाऊक नसते. 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटचा चेंडू सलग 26 वेळा काळ्यावर पडला, आणि ‘आता लाल येणारच’ म्हणत लोकांनी त्या रात्री लाखो फ्रँक घालवले.

हे गणित शिकलेल्या माणसाला कळत नाही असे नाही. कळूनही थांबता येत नाही, कारण ओढ दुसरीकडून येते. बक्षीस दर वेळी मिळाले तर त्याची नवलाई संपते, कधीच मिळाले नाही तर माणूस उठून जातो. पण ते केव्हा मिळेल याचा नेम नसला, की माणूस सगळ्यांत जास्त वेळ चिकटून बसतो. त्यात थोडक्यात हुकण्याची भर पडते. मटक्यात 47 ही दोन अंकी जोडी लावली आणि 48 फुटली, तर प्रत्यक्षात ती पूर्ण हार असते. केंब्रिजमधल्या संशोधकांनी 2009 साली दाखवले, की अशा हुकण्याने मेंदूतले जिंकताना चेतणारे भागच चेततात आणि खेळत राहण्याची इच्छा वाढते. अनेकांच्या बाबतीत सुरुवातीला एखादी मोठी जीतही असते. 1972 साली ओहायोत जुगाऱ्यांसाठी पहिला रुग्णविभाग सुरू करणारे रॉबर्ट कस्टर यांनी या आजाराचे टप्पे मांडले, ते याच क्रमाने: आधी जिंकण्याचा काळ, मग हरण्याचा, मग अगतिकतेचा.

या व्यसनाला वास येत नाही, तोल जात नाही, डोळे लाल होत नाहीत. म्हणून घरात ते उशिरा, बहुधा वसुलीचा पहिला फोन आल्यावरच कळते. त्याआधीच्या खुणा खात्याच्या उताऱ्यात असतात. रात्री साडेअकरा ते दोनच्या दरम्यान पाचशे, पाचशे, हजार, दोन हजार अशा रकमा दहा-दहा मिनिटांनी गेलेल्या दिसतात. मध्येच एखाद्या मित्राकडून पाच हजार जमा होतात आणि तासाभरात तेही संपतात. पगार झाल्यावर तिसऱ्या दिवशी शिल्लक शंभराच्या आत येते, पण घरात नवी वस्तू एकही आलेली नसते. भिशीचा हप्ता चुकतो. दागिना ‘पॉलिशला दिलेला’ असतो. पतपेढीच्या कर्जाला कोण जामीन राहिले, हे बाहेरच्याकडून कळते. उसने मागताना दिलेली कारणे फार तपशीलवार असतात, अगदी दवाखान्याचे नाव, ऑपरेशनची तारीख यांसकट. फोन उपडा ठेवला जातो. मूड घरातल्या कशावरच अवलंबून राहत नाही, सामन्याच्या निकालावर राहतो. पत्त्यांचा क्लब बाहेर असे, तेव्हा निदान माणूस घराबाहेर असल्याचे तरी कळत होते. आता तो क्लबच शेजारच्या उशीवर असतो. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या बायकाही ऑनलाइन रमीत अशाच अडकल्या आहेत, आणि त्यांच्याकडे तर कुणाचे लक्षच जात नाही.

एक मुखवटा विशेष फसवा आहे, तो म्हणजे शेअरबाजाराचा. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये तासागणिक सौदे करणारा माणूस घरी ‘ट्रेडिंग करतो’ असे सांगतो आणि घरच्यांना तो अभ्यासू वाटतो. बाजारनियामक सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये दिलेल्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त होता. बाजारात पैसे लावणारा प्रत्येक जण जुगारी नसतो. पण तोटा लपवणे आणि तो भरून काढायला कर्ज काढणे सुरू झाले, की कागदावर व्यवसाय काहीही लिहिलेला असो, आजार तोच.

एक कारण डॉक्टरांनाही कधी कधी सुचत नाही. कंपवातासाठी दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले वडीलधारे गृहस्थ औषध सुरू झाल्यावर लॉटरीची तिकिटे घेऊ लागले, तर संस्कार काढू नयेत. मेंदूविकारतज्ज्ञाला ताबडतोब सांगावे. औषध बदलल्यावर ही ओढ बहुधा ओसरते. मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये.

उपचाराकडे वळण्याआधी एक धोका नीट समजून घ्यावा. सर्व व्यसनांत जुगाऱ्यांमधले आत्महत्येचे प्रमाण फार वरचे मानले जाते, आणि तो धोका बहुधा कर्ज उघडे पडते त्याच दिवसांत सगळ्यांत जास्त असतो. म्हणजे घरच्यांचा संताप शिगेला पोचतो नेमका तेव्हाच. ‘मी नसलो तर सगळे सुटेल’, विम्याची चौकशी, अचानक आलेली शांतता, यांतले काहीही दिसले तर त्या माणसाला एकटे ठेवू नये, आणि मरणाचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. टेलिमानस ही सरकारी मदतसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. घरच्यांनाही तिथे स्वतःसाठी फोन करता येतो.

बोलणे कसे करावे, हा पुढचा प्रश्न. हरलेल्या रात्री बोलू नये, चारचौघांत तर नाहीच. आकडे समोर ठेवून, शांतपणे, दोघांनीच बोलावे. ‘किती घालवलेस?’ असे विचारले की खोटे आकडे मिळतात. ‘कुणाकुणाचे देणे आहे, ते सगळे लिहून काढू’ असे म्हटले की निदान अर्धे तरी बाहेर येते. उरलेले पतअहवालात मिळते. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्या फोनवरून त्याच्यासमोर तो काढावा. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नये. शपथ मोडते, कारण आजार शपथेने जात नाही, आणि ती मोडल्याची लाज त्याला पुन्हा खेळाकडेच नेते.

सगळ्यांत अवघड गोष्ट पैशाची आहे, आणि इथे माया असलेली माणसेच नुकसान करून बसतात. घर कर्जातून मोकळे झाले की तो सुधारेल, या आशेने आई बांगड्या मोडते, सासरे मुदतठेव मोडतात, गावाकडे गुंठाभर जमीन विकली जाते. कर्ज एकरकमी फिटले की व्यसनी मनाला त्याचा एकच अर्थ लागतो, तो म्हणजे पत पुन्हा मोकळी झाली. देणे त्याच्याच मिळकतीतून, हप्त्याहप्त्याने फिटले पाहिजे. हे वाचायला कठोर वाटते, पण याहून दयाळू मार्ग नाही. पगार जोडीदाराच्या किंवा विश्वासू नातेवाइकाच्या हाती यावा. रोजच्या खर्चाला छोटी रक्कम द्यावी, यूपीआयची मर्यादा खाली आणावी, क्रेडिट कार्ड परत करावे. दागिने, घराचे कागद आणि सातबारा त्याच्या हाताबाहेर ठेवावेत. कोऱ्या कागदावर किंवा नव्या कर्जाला जामीन म्हणून कुणीही सही करू नये. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, त्यामुळे बुकीला जुगारातली बाकी कोर्टातून वसूल करता येत नाही. बँकेचे, पतपेढीचे आणि मित्राचे कर्ज मात्र फेडावेच लागते. परवाना नसलेला सावकार दारात येत असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि धमकी दिली तर पोलिसांकडे.

उपचारांत सर्वाधिक पुरावा आहे तो विचार आणि वर्तन बदलणाऱ्या मानसोपचाराला. त्यात रुग्ण आपल्या खोट्या समजुती, म्हणजे ‘आता लागणारच’, ‘माझा अभ्यास आहे’, एकेक तपासून पाहतो. आपल्याला कोणत्या वेळी, कुणाच्या संगतीत, कोणत्या मनःस्थितीत ओढ लागते, हे ओळखून त्या वेळेसाठी दुसरे काही ठरवून ठेवतो. फक्त जुगारासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध नाही. नाल्ट्रेक्सोनचा काहींना उपयोग होतो, आणि सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यांचे औषध द्यावेच लागते. दाखल व्हायची गरज बहुतेकांना पडत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षापासून सुरुवात होते. 1957 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाच्या धर्तीवर, सोडलेल्या माणसांनी सोडू पाहणाऱ्यांना धरून ठेवणे हेही फार कामाचे ठरते.

उपचारानंतरही घसरण होते, आणि ती आजाराचाच भाग आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तातला जुगारी यापुढे खेळायचे नाही असे ठरवतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच तिकडे निघतो. आज त्या आवाजाच्या जागी मोबाइलची सूचना आहे. संसदेने 21 ऑगस्ट 2025 रोजी मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे आर्थिक व्यवहार यांवर बंदी आली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, त्यामुळे मदत मागायला भिण्याचे कारण नाही. पण बंदीमुळे ओढ जात नाही. परदेशी संकेतस्थळे आणि टेलिग्रामवरचे बुकी यांच्या वाटा उघड्याच राहतात. म्हणून ॲप काढून टाकल्यावर नंबर बदलणे, ते जुने ग्रुप सोडणे आणि सामन्यांच्या दिवसांत संध्याकाळ मोकळी न ठेवणे, या साध्या गोष्टी पुढची अनेक वर्षे पाळाव्या लागतात.

पैशाची सूत्रे कायमची काढून घेतली तर कर्ता माणूस घरात लहान मूल होऊन बसतो, आणि ती अवहेलनाही त्याला परत तिकडे ढकलते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने परत द्यायची असतात. आधी किराणा त्याने आणायचा आणि पावती दाखवायची. काही महिने ते नीट चालले की वीजबिल आणि शाळेची फी, मग एका कर्जाचा हप्ता, असे वाढवत न्यायचे. खात्याचा उतारा दर रविवारी दोघांनी मिळून पाहायचा, चोर पकडल्यासारखा नव्हे, तर घरखर्चाचा हिशेब म्हणून. एखाद्या महिन्यात तो पुन्हा खेळला, तर एक टप्पा मागे यायचे आणि पुढच्या भेटीत त्याने स्वतःच ते डॉक्टरांना सांगायचे.

 

आपला,
धाकटा दीर