फडक्याला लागलेला रंग

ऑक्टोबर २०२४ मधल्या एका सोमवारी संध्याकाळी चेन्नईतल्या वेलाचेरीच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रांग लागली. वाहतूक तुंबली म्हणून नव्हे. माणसं कठड्याला लागून गाड्या लावत होती, आरसे मिटत होती, कुलूप दोनदा ओढून बघत होती आणि पायी घरी चालली होती. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला होता. आदल्याच डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाने आमच्या भागातल्या तळघरांची तळी केली होती, आणि २०१५ चा पूर तर चेन्नईत अजून कालच्यासारखा सांगतात. घर काही पुलावर नेता येत नाही. गाडी नेता येते.

आमच्या इमारतीतल्या तीन गाड्या एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. पुढे शेजारी राव सारांची (‘सर’चा इथला उच्चार ‘सार’) १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, मध्ये माझी २०१० ची हॅचबॅक, मागे तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाची कोरी करकरीत एसयूव्ही. तिन्ही गाड्यांवर शुक्रवारच्या आयुधपूजेचं चंदन आणि कुंकू अजून होतं. आपल्याकडे खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार पडतो; इथे हारासोबत दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधतात, कोहळ्यात कुंकू भरून तो रस्त्यावर फोडतात आणि चाकाखाली लिंबू चिरडतात. नव्या गाडीच्या टायरला तेवढ्या लिंबाचाच काय तो डाग होता. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर साच्यातून निघतानाचे रबराचे बारीक केस तसेच होते. नवी गाडी ओळखायची माझी ही जुनी खूण आहे. बाळाच्या कानावरच्या लवेसारखे ते केस, रस्ता आठ-पंधरा दिवसांत घालवून टाकतो.

पुलावरचे दिवे लागले आणि तिन्ही गाड्यांच्या पाठीवर एकेक दिवा उतरला.

मी गाडीची निगा राखतो, असा माझा समज होता. ठोकलेली नाही, पोचा नाही, सर्व्हिसिंग वेळेवर, पावसाळ्यानंतर पॉलिश. येणारे-जाणारे म्हणतात, चौदा वर्षांची वाटत नाही हो. पण एसयूव्हीच्या बोनेटवर दिवा दिव्यासारखा दिसत होता, कडा धारदार, बाजूला काळोख. माझ्या बोनेटवर मात्र त्याच दिव्याला खळं पडलं होतं. दिव्याभोवती बारीक बारीक रेघांची वर्तुळं, कोळ्याने जाळं विणावं तशी. मी दोन पावलं सरकलो तर ती वर्तुळंही माझ्याबरोबर सरकली.

हे खळं मराठी घरात रोज दिसतं. घासलेलं स्टीलचं ताट उन्हात धरा. सूर्याच्या ठिपक्याभोवती गोल गोल रेघा उमटतात. प्रत्यक्षात ओरखडे गोल नसतात. घासणीचा हात वाट्टेल तसा फिरलेला असतो आणि रेघा सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. त्यांतल्या ज्या रेघा ठिपक्याभोवती आडव्या पडलेल्या असतात तेवढ्याच डोळ्यांपर्यंत प्रकाश पोचवतात, म्हणून वर्तुळ दिसतं. बाकीच्या असतात, पण त्या जागेवरून दिसत नाहीत. गाडीचंही तेच. नव्या रंगावर पडलेला प्रकाश एका दिशेने सरळ परत येतो. ओरखडलेल्या रंगावरून तो थोडा थोडा सगळीकडे सांडतो, आणि रंगात दूध मिसळल्यासारखा एक फिकटपणा येतो. पाच फुटांवरून आपल्याला एवढंच जाणवतं की गाडी स्वच्छ आहे, पण नवी नाही.

हे ओरखडे रस्त्याने दिलेले नसतात. ते पुसण्याने पडतात. माझे कुठले, हेही मला ठाऊक आहे. २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले. इमारतीत टँकर येई, बायामाणसं घागरी घेऊन रांगेत उभी असत, आणि अशात गाडीवर बादलीभर पाणी ओतणं म्हणजे पापच. मी रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसू लागलो. काय समाधान असायचं! त्या धुळीत रेतीचे कण होते, रेतीचा कण गाडीवरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण, आणि मी तो स्वतःच्या हाताने, गोल गोल, दाबून फिरवत होतो. गाडी तशीच धुळीत पडू दिली असती तर आज तिचा रंग बरा असता.

तो थर असतो तरी केवढा? कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे एका-दोन केसांची जाडी. त्यातला वरचा पारदर्शक, चकाकीचा थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. पॉलिशवाला ओरखडे ‘काढतो’ म्हणजे काय करतो, तर आजूबाजूचा रंग ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवतो. दर पॉलिशला गाडी थोडी सुंदर होते आणि थोडी कमी होते.

मग नवा रंगच मारून घ्यावा, असं वाटतं. पण नवा रंग आणि नव्या गाडीचा रंग एक नव्हेत. आमच्या पुलापासून तीस-चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुम्बुदूर, ओरगडम, मरैमलै नगर. हा सगळा पट्टा गाड्यांचा. ह्युंदाईची पहिली सँट्रो १९९८ मध्ये तिथूनच आली. तसल्या कारखान्यांच्या रंगशाळेत उघडा सांगाडा आधी एका मोठ्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने पहिला थर कोपऱ्याकोपऱ्यात बसवतात. वरचे थर देण्याआधी पत्र्यावरची धूळ कित्येक ठिकाणी इमूच्या किंवा शहामृगाच्या पिसांच्या फिरत्या ब्रशांनी टिपतात. एवढ्या यंत्रयुगात धूळ टिपायला पीसच लागतं, याचं मला फार बरं वाटतं. मग भट्टी, साधारण १४० अंशांची. त्या वेळी गाडी म्हणजे नुसता पत्रा असतो, म्हणून ही आच सोसते. पुढे तिच्यात वायरी, काचा, गाद्या, डॅशबोर्ड बसला की ती भट्टी तिला कायमची बंद. गल्लीतला पेंटर कितीही कसबी असो, लांबी भरून, घासून, फवारा मारून फार तर साठ-सत्तर अंशांवर सुकवणार. शिवाय दाराच्या रबरावर, स्क्रूच्या डोक्यावर कुठेतरी रंगाचा एक शिंतोडा राहतोच. नव्या गाडीचा रंग आधी आलेला असतो आणि बाकीची गाडी नंतर. रंगवलेल्या गाडीत हा क्रम उलटा असतो, आणि तो लपत नाही.

गंमत म्हणजे नवा रंग फार गुळगुळीत असतो असंही नाही. जवळून बघा, संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखलपणा दिसेल. हौशी माणसाने वर्षानुवर्षं घासून राखलेली जुनी गाडी कधीकधी नव्या गाडीहून सपाट असते. पण नवीची साल छपरापासून डिकीपर्यंत सारखी असते. जुनीत तसं नसतं. बोनेट उन्हाने वेगळं, खालचा भाग बोअरच्या खारट पाण्याच्या ठिपक्यांनी वेगळा, चालकाच्या बाजूचं दार बोटांनी वेगळं. बंपरवरचं काळं प्लास्टिक राखाडी, दिव्यांवरचं प्लास्टिक उन्हाने पिवळं. याबाबतीत पद्मिनीने आम्हाला लाजवलं. तिचे दिवे काचेचे. अडतीस वर्षांनंतरही नजर साफ, आणि माझ्या चौदा वर्षांच्या गाडीला मोतीबिंदू.

आतला कारभार उलटा आहे, हे त्या रात्री प्रथमच माझ्या लक्षात आलं. राव सारांच्या गाडीत पाऊस सुरू होईपर्यंत आम्ही बसलो होतो. स्टिअरिंग हाताला तुळतुळीत लागलं, जुन्या देवळाच्या उंबऱ्यासारखं. एसयूव्हीचं स्टिअरिंग खरखरीत, निस्तेज असतं. त्याला हातच लागलेला नसतो. म्हणजे बाहेर झिजून चमक जाते आणि आत झिजून चमक येते. नव्या गाडीत हे दोन्ही घडायचं असतं. म्हणून तर आपली माणसं सीटवरचं प्लास्टिक सहा-सहा महिने काढत नाहीत. घामाने पाठ चिकटते, बसताना चर्रर्र वाजतं, पण ते प्लास्टिक म्हणजे अजून काही सुरू झालेलं नाही याचं प्रमाणपत्र. मला ते बघून नेहमी वैताग येतो. अर्थात आमचंही आठ महिने होतंच.

राव सार तंजावरकडचे मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडे मुरलेली मराठी त्यांच्या घरात अजून बोलतात, आणि ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला नीट कळली नव्हती. आपली मराठी पुण्या-मुंबईत नवनवे पार्ट बसवत पुढे गेली. त्यांनी होती तीच रोज वापरून राखली. ती जुनी आहे म्हणावं तर जिवंत आहे, नवी म्हणावं तर कानाला अनोळखी. गाडीला ते तमिळमध्ये ‘वंडी’ म्हणतात, आणि विदर्भात बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात हे मी सांगितलं तेव्हा फार खूश झाले.

त्यांच्या पद्मिनीचा रंग एकाच थराचा. वर पारदर्शक कोट नाही, जो काय आहे तो रंगच. डॅशबोर्डखालच्या कप्प्यातून त्यांनी पॉलिशची फडकी काढून दाखवली. जुन्या धोतराचे तुकडे, सगळे निळे. “घासलं की रंग फडक्याला येतो,” ते म्हणाले, “म्हणून कळतं, कधी थांबायचं.” गाडी आकाशी निळी. फडकी जरा जास्त निळी.

पद्मिनी कुर्ल्यात बनायची, आणि टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उठली. चेन्नईच्या पुलावर राव सारांची पद्मिनी पातळ खांब आणि मोठ्या काचा घेऊन उभी होती, चारी बाजूंनी उघडी. मागच्या एसयूव्हीचे खांब जाड, काचा अरुंद, तोंड रागीट. अपघाताच्या चाचण्यांचे नियम कडक झाले तशा गाड्या जाडजूड होत गेल्या. कितीही राखली तरी पद्मिनी त्यांच्यात नवी दिसणार नाही. ती नवी होती तेव्हाही अशीच दिसत होती, नव्याचं रूपच तेव्हा वेगळं होतं.

मंगळवारी पाऊस झाला. बुधवारी म्हणत होते तेवढा आलाच नाही, कमी दाबाचं क्षेत्र उत्तरेकडे सरकलं. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं गाड्या उतरवायला गेलो. लॉऱ्यांनी उडवलेला चिखल वाळून गाड्यांवर ठिपके झाले होते. चंदनाचं बोट पद्मिनीवर पुसट उरलं होतं.

एसयूव्हीवाल्या तरुणाने डिकीतून नवंकोरं पिवळं फडकं काढलं, त्यावरचं लेबल फाडलं आणि बोनेट पुसायला घेतलं. कोरडंच, गोल गोल, मन लावून. राव सारांचा हात वर झाला. “तंबी...” धाकट्या भावाला तमिळमध्ये हाक मारावी तसं ते म्हणाले, आणि हात तसाच खाली आला. पुसून झाल्यावर त्याने फडकं उलटून पाहिलं. नुसती माती होती, रंगाचा ठिपकाही नव्हता. त्याने समाधानाने ते कठड्यावर झटकलं आणि दाराकडे वळला.